आखनला जायचा मासा

वसुधाताई साठ्यांच्या पुण्यातल्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा शिरत नाही. त्याच वसुधाताई यंदा नवमीच्या संध्याकाळी बाड हॉम्बुर्गमध्ये मुलाच्या सोफ्यावर बसून टीव्हीवर मासे बघत होत्या, आणि गळ टाकणारा त्यांच्याच पोटचा गोळा होता. मयुरेश, वय चौतीस, फ्रँकफर्टच्या सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, लग्नाचा विषय निघाला की ज्याला नेमकी मीटिंग आठवते तो.

"अरे, नवरात्र आहे. आज तरी मासे नकोत."

"आई, मी खेळत नाहीये. टेस्ट करतोय. ही लिस्ट नीट दिसते का बघतोय फक्त."

पडद्यावर जपानी अक्षरांची गर्दी होती आणि तिच्याखाली दहा ओळी. प्रत्येक ओळीत आ वासलेला एक मासा, त्याचं ग्रॅममधलं वजन आणि धरणाऱ्याचं नाव. काही ओळींत कुर्ट, काहींत योर्ग. तिसरं नाव कुठेच नव्हतं. तळ्यातले बास जातीचे मासे धरायचा हा गेम जवळजवळ तीस वर्षांपूर्वी जपानमध्ये निघाला होता, आणि त्याची ही काळी कॅसेट मयुरेशच्या जुन्या कन्सोलमध्ये खोचलेली होती. मयुरेशला असली भंगारातली यंत्रं जमवायचा नाद होता. त्या नादाचा कुणाला तरी उपयोग होईल असं वसुधाताईंना आजवर कधी वाटलं नव्हतं.

कुर्ट म्हणजे तळमजल्यावरचे हेर वेंडेल; जर्मनमध्ये हेर म्हणजे साहेब. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, शहात्तर वर्षांचे, एकटे. तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या वसुधाताईंची आणि त्यांची ओळख जिन्यात झाली. ते परसातल्या झाडाचे अक्रोड द्यायचे, या शंकरपाळे द्यायच्या. एकमेकांच्या भाषेतलं अक्षर कळत नव्हतं, पण देवाणघेवाण चोख होती.

आणि योर्ग म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, राहणार आखन. गेम त्यानेच जपानहून आणला होता. रविवारी आईकडे जमले की दोघे भाऊ तो खेळायचे. पुढे आईला वृद्धाश्रमात ठेवावं की नाही यावरून त्यांचं फाटलं. आई गेली, तिला माती देऊन दोघे दफनभूमीच्या दोन वेगळ्या दारांनी बाहेर पडले, आणि तेव्हापासून एकवीस वर्षं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. मात्र वर्षभराने आखनहून कुर्टच्या पत्त्यावर एक पाकीट आलं. आत चिठ्ठी ना चपाटी, नुसती ही कॅसेट. टीव्हीला लावली, तर यादीत सगळ्यात वर योर्गचा नवा मासा! कुर्टनी तीन आठवडे घालवून त्याच्याहून मोठा धरला आणि कॅसेट तशीच, चिठ्ठीशिवाय परत धाडली. तेव्हापासून वर्षातून दोनदा ती जायची आणि दोनदा यायची.

"म्हणजे बोलायचं नाही आणि मासे पाठवायचे?" वसुधाताईंनी विचारलं होतं.

"गेनाऊ, अगदी तेच," मयुरेश म्हणाला होता.

आता प्रसंग बाका होता. सोमवारी योर्गच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. हे कुर्टना एका चुलत बहिणीकडून कळलं. पाळी कुर्टची होती, मासा धरून झाला होता, पण गेल्या आठवड्यात दोनदा यादीच्या जागी नुसता निळा पडदा आला. कॅसेटच्या पोटात बटणाएवढी एक बॅटरी असते. कॅसेट टपालाच्या पिशवीत असो की कपाटात, ती यादी त्या बॅटरीच्या जिवावर शाबूत राहते. बॅटरी मरायला टेकली होती. ती वाटेतच गेली, तर योर्गला ऑपरेशनच्या तोंडावर रिकामी कॅसेट मिळणार. यादीची प्रत काढून ठेवणारं एक यंत्र मिळतं म्हणे, पण मागवलं तर मंगळवारी येणार. आणि शुक्रवारी जर्मनीभर सुट्टी. शनिवारी आखनला पोचायचं, तर पाकीट गुरुवारी संध्याकाळी सहाच्या आत कोपऱ्यावरच्या दुकानातल्या टपाल खिडकीवर पडायला हवं होतं. गुरुवारी दसरा होता, पण ते टपालवाल्यांना काय त्याचं!

तर त्याच, बुधवारच्या संध्याकाळी आधी कॅसेटची शस्त्रक्रिया झाली. जेवणाच्या टेबलावर पांढरा टॉवेल, त्यावर उघडी कॅसेट. आत नखाएवढ्या काळ्या चिपा, आणि एका कोपऱ्यात चांदीच्या जुन्या चवलीच्या नाण्यासारखी चकचकीत बॅटरी.

"आई, टॉर्च धर. ही बॅटरी काढली की एका सेकंदात सगळं इरेज होणार. म्हणून आधी दुसऱ्या बॅटरीचा करंट या दोन वायरींनी द्यायचा, मग जुनी काढायची, नवी लावायची. तोपर्यंत या वायरी हलता कामा नयेत. तुझा हात लागला तरी खेळ खलास."

वसुधाताईंनी बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि वाजू नयेत म्हणून वर रुमाल गुंडाळला. नवमीला बांगड्या उतरवणं त्यांना मंजूर नव्हतं. दोन्ही हातांनी टॉर्च धरून त्या उभ्या राहिल्या. मयुरेशने सोल्डरिंगची तापलेली डाखणी उचलली. धुराची बारीक रेघ निघाली, डोळ्यांत चुरचुरलं. जुनी बॅटरी एका बाजूने सुटली. दुसरी बाजू सुटेना. त्याने जरा जोर केला आणि डावीकडची वायर थरथरली.

"हलली रे!"

"गप्प, आई."

त्याच्या कपाळावरचा घाम भुवईपर्यंत आला होता. तो पुसायला त्याचा एकही हात मोकळा नव्हता, आणि वसुधाताईंची टॉर्च सोडायची छाती होईना. बॅटरी सुटली. नवी बसली. एक टाका, मग दुसरा. त्याने वायरी काढल्या, कॅसेट तशीच उघडी कन्सोलमध्ये खोचली आणि बटण दाबलं. काळा पडदा. जपानी अक्षरं. मग एकेक करत दहाच्या दहा ओळी.

वसुधाताईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. लहानपणी ज्याला बुटाची नाडी बांधता येत नव्हती, त्या पोराने हे केलं! मासे असले तरी त्यांना आज त्या यादीचा राग येईना.

सकाळी आठला मयुरेश ऑफिसला निघाला. कॅसेट त्याने टेबलावर उघडीच ठेवली होती. नव्या बॅटरीखाली गोंदाचा थेंब लावला होता आणि तो संध्याकाळपर्यंत वाळायला हवा होता.

"आई, ती कॅसेट हलवू नकोस हं. मी पाचला येतो, बंद करतो. साडेपाचला हेर वेंडेल न्यायला येतील."

"नाही हलवत," वसुधाताई म्हणाल्या.

आणि त्यांनी ती हलवली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

दुपारी दोनच्या सुमारास त्यांनी दसऱ्याची पूजा मांडली. सुताराने करवत पुजावी, डॉक्टरने स्टेथोस्कोप, वाण्याने तराजू. ज्याच्यावर आपलं पोट आणि ज्यात आपलं कसब, ते त्या दिवशी पाटावर घ्यायचं. मयुरेशचा घरचा लॅपटॉप आला, गाडीची दुसरी किल्ली आली, डाखणी आली. लॅपटॉपला त्यांनी झाकणावरच बोट टेकवलं. यंत्राच्या आत पाणी घालू नये एवढं त्यांना कळत होतं, त्या काही अडाणी नव्हत्या. पण टेबलावरची ती कॅसेट त्यांना यंत्र वाटलीच नाही. ते मुलाच्या हातचं काम होतं, कालपासून त्यांना सगळ्यात जास्त अभिमान होता तो त्याचाच, आणि तेवढंच पूजेवाचून राहावं हे मनाला पटेना. हलवायची नाही, तर नाही. त्यांनी तबक उचलून टेबलाशी नेलं. त्या चकचकीत चवलीवर उगाळलेल्या गंधाचं ओलं बोट लावलं, वर हळद, वर कुंकू. फुलाने दोन थेंब पाणी शिंपडलं. चार अक्षता वाहिल्या. हात जोडले आणि वेंडेलसाहेबांच्या भावाचं ऑपरेशन नीट होऊ दे म्हणून देवीला मनापासून सांगितलं.

पाचला दहा मिनिटं कमी असताना मयुरेशची किल्ली दारात फिरली. तो टेबलाशी आला आणि जागच्या जागी थांबला.

"आई, हे काय आहे?"

"पूजा केली. हलवली नाही हं मुळीच."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो बूटही न काढता खुर्चीत बसला आणि भिंग लावून वाकला. गंधाचा ओघळ बॅटरीच्या काठावरून खाली उतरला होता. काठाच्या वर धन टोक, खाली ऋण टोक, मधे केसाएवढं अंतर. त्या फटीत गंध वाळून बसला होता. पाण्याचा एक थेंब चिपेच्या पायांत शिरला होता.

"मयू, काय झालं ते सांग तरी."

"शॉर्ट झालंय. कदाचित. थांब."

त्याने बाटलीतलं स्पिरिट काढलं, जुना दात घासायचा ब्रश घेतला. पाच वाजून पाच. पांढऱ्या टॉवेलवर लाल-पिवळं पाणी पसरत गेलं. वसुधाताई दोन पावलांवर उभ्या होत्या. आता त्यांना कुणी टॉर्च धरायला सांगत नव्हतं.  पुसून झालं, फुंकून झालं, केस वाळवायच्या यंत्राने वाळवून झालं. पाच सतरा. त्याने कॅसेट खोचली आणि बटण दाबलं.

काळा पडदा आला. जपानी अक्षरं आली. यंत्र मेलं नव्हतं. वसुधाताईंनी देवीचं नाव घेतलं. मग यादी आली. दहा ओळी होत्या, आणि दहाही ओळींत नुसती शून्यं. नाव नाही, मासा नाही.

मयुरेशने कॅसेट काढली, पुसली, पुन्हा लावली. शून्यं. तिसऱ्यांदा. शून्यं.

"परत नाही का येत ते? कंप्युटरवरचं येतं ना परत?"

"नाही येत, आई. गेलं ते गेलं." तो दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला. मग एकदम उठला, कॅसेटची दोन झाकणं जुळवली आणि स्क्रू पिळायला लागला.

"काय करतोस?"

"देऊन टाकतो. काही सांगायचं नाही. आल्झो, म्हणजे, बॅटरी जुनी होती हे त्यांना माहीत आहे. पोस्टात काही झालं असेल असं वाटेल. शनिवारी तिकडे उघडतील, रिकामी निघेल. त्यात आपला काय दोष?"

"मयू!"

"मग काय सांगू? माझ्या आईने तुमच्या भावाला कुंकू लावलं म्हणून? त्यांना कळणार आहे का ते?"

घंटी वाजली.

दारात वेंडेलसाहेब उभे होते. कोट घातलेला, मफलर नीट बांधलेला, हातात जाड पाकीट. त्यावर आखनचा पत्ता आधीच लिहिलेला. ते हसून काहीतरी विचारत होते. शब्द कळले नाहीत तरी प्रश्न कोणता ते वसुधाताईंना कळलं. मयुरेशने कॅसेट पुढे केली, हसायचा प्रयत्न केला आणि म्हणाला, "जा, जा. आलेस गुट."

हो, हो, सगळं छान. एवढं जर्मन एव्हाना वसुधाताईंना कळायला लागलं होतं. पोरगा खोटं बोलला, आणि त्यांना वाचवायला बोलला. वेंडेलसाहेबांचा चेहरा खुलला. त्यांनी कॅसेट पाकिटात सरकवली. घड्याळाकडे बघून ते जिन्याकडे वळले.

"अहो, थांबा!"

वेंडेलसाहेब मराठी हाकेलाही थांबले. वसुधाताईंनी त्यांची कोटाची बाही धरली. परपुरुषाला असं धरायची त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ असेल. तसंच ओढत त्यांना टेबलाशी आणलं. तबक अजून तिथेच होतं. त्यांनी लॅपटॉपवरचं कुंकू दाखवलं, किल्लीवरचं दाखवलं, डाखणीवरचं दाखवलं. मग त्या पाकिटाकडे बोट केलं. मग लाल झालेल्या टॉवेलकडे. मग स्वतःचं कुंकवाने माखलेलं बोट छातीवर टेकवलं.

"मी. मी केलं. मयू, सांग त्यांना. एक शब्द गाळू नकोस. आणि तू आत्ता खोटं बोललास तेही सांग."

मयुरेशने सांगितलं. जर्मनमध्ये ते फार लांबलं. वेंडेलसाहेब ऐकत होते आणि त्यांचं हसू हळूहळू विझत होतं. शेवटी त्यांनी स्वतः कॅसेट काढून कन्सोलमध्ये लावली. दहा शून्यं आली. ते खुर्चीवर बसले. पाच चाळीस झाले. पाच पंचेचाळीस झाले.  वसुधाताईंना वाटत होतं, या माणसाने आपल्याला चार शब्द सुनवावेत, ते आपल्याला कळले नाहीत तरी चालतील.

शेवटी वेंडेलसाहेब काहीतरी पुटपुटले. मयुरेश हळू आवाजात आईला म्हणाला, "ते म्हणाले, माझे गेले त्याचं काही नाही. त्याचे गेले. त्याच्याकडून माझ्याकडे तेवढंच होतं."

वसुधाताईंच्या तोंडून हुंदका फुटला. वेंडेलसाहेबांनी मान वर केली, त्यांच्याकडे बघितलं आणि नको, नको असा हात हलवला. मग कोटाच्या आतल्या खिशातून एक जुनं, घडी घातलेलं पाकीट काढलं. गेल्या खेपेला आखनहून आलेलं. पाठवणाऱ्याच्या जागी योर्गचं नाव, पत्ता आणि त्याखाली फोन नंबर. प्रत्येक पाकिटावर तो असायचा, ते मयुरेशला म्हणाले. इतक्या वर्षांतल्या प्रत्येक पाकिटावर. "टपालवाल्यांसाठी लिहीत असेल असं मी धरून चाललो."

त्यांनी मयुरेशचा फोन मागितला. नंबर दाबताना बोट दोनदा चुकलं. फोन त्यांनी स्पीकरवर ठेवून टेबलावर सोडला. घंटी वाजत राहिली. सहा वेळा, सात वेळा. दुकान आता बंद होणार होतं. मग खट्ट झालं आणि एक घोगरा आवाज आला.

"कुर्ट बोलतोय," वेंडेलसाहेब म्हणाले.

 मग त्या आवाजाने काहीतरी विचारलं. मयुरेश आईच्या कानाशी वाकून पुटपुटला, "विचारतायत, मोठा मिळाला का?"

वेंडेलसाहेबांनी एका दमात सांगून टाकलं. यादी गेली. सगळी. तुझे पण. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी पूजा केली, त्यांनी तुझ्यासाठी प्रार्थना केली होती, त्यांच्यावर रागावू नकोस, सोमवारच्या आत मला दुसरं काही करता येत नाही. 

पलीकडून खोकल्याची उबळ आली. ते हसणं आहे हे कळायला तिघांनाही वेळ लागला.

"कुर्ट, अरे ती यादी नऊ वर्षांपूर्वीच गेली होती," योर्ग म्हणाला. मयुरेश शब्द न शब्द आईला सांगत होता. "बॅटरी माझ्याकडे असताना मेली. तुला कसं सांगणार? सांगायचं तर बोलावं लागलं असतं. माझ्या वहीत सगळी वजनं टिपलेली होती. नवी बॅटरी बसवून घेतली आणि सगळे परत धरले. माझे माझ्या नावावर, तुझे तुझ्या."

"माझे? तू?"

"त्या वर्षी कॅसेट आठ महिने आली नव्हती, आठवतंय? तू समजला असशील, मी चिडलोय. तुझा तो सगळ्यात मोठा, त्याच्यापायी अकरा आठवडे गेले. वजन जुळेचना. लहान निघाला की सोडून द्यायचा, फार मोठा निघाला की सोडून द्यायचा."

वेंडेलसाहेब टेबलाची कड धरून पुढे वाकले. "तो चार हजार तीनशे दहा ग्रॅमचा होता, योर्ग. नंतर मला तो चार हजार तीनशे वीस दिसायला लागला. मला वाटलं, माझंच डोकं चालेनासं झालंय."

"त्याहून जवळ जमलं नाही," योर्ग म्हणाला. "म्हटलं, दहा ग्रॅम जास्त असू देत. तू थोरला आहेस."

मयुरेशने हेही आईला सांगितलं. वेंडेलसाहेबांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. पलीकडून योर्ग हाका मारत होता, "कुर्ट? कुर्ट, आहेस ना?" वसुधाताईंनी फोन उचलला आणि वेंडेलसाहेबांच्या हातात दिला.

"आहे," ते म्हणाले. "पोस्टाने नाही पाठवत. उद्या मीच घेऊन येतो."